पायऱ्यांवरचा हिशेब

व्यापारी घरांतील नातेवाईक हल्ली एकमेकांना भेटतात ते बहुधा मंगल कार्यालयात. हातात ताट, कानाशी वाजंत्री आणि समोर छायाचित्रकार. ‘धंदा कसा चाललाय?’ या प्रश्नाला तेथे ‘बरा आहे’ एवढेच उत्तर शोभते, आणि विचारणाऱ्यालाही त्याहून अधिक ऐकायचे नसते. वर्षाकाठी अशा सहा-सात भेटी होऊनही दोन सख्ख्या भावांना एकमेकांच्या पेढीत काय चालले आहे याचा पत्ता नसतो. सांगलीच्या एका हळद-व्यापारी घराण्यात नेमके हेच झाले होते. त्याचा उलगडा मात्र कोणत्याही बैठकीत न होता नाताळच्या सुट्टीतील चार दिवसांच्या पायपिटीत झाला.

घरातील थोरले बंधू अण्णा. सत्तरीला टेकलेले, गणपती पेठेत त्यांची वडिलोपार्जित अडत. धाकटे आप्पा यांनी २०११ साली पुण्यात विजेच्या सामानाचे दुकान थाटले. भांडवलापैकी १२ लाख रुपये सांगलीच्या पेढीतून गेले. भावाभावांत कागद कशाला, म्हणून कागद झाला नाही. खतावणीत आप्पांच्या नावाचे एक पान मात्र उघडले गेले. अशी तोंडी उसनवारी कायद्याच्या दृष्टीने तीन वर्षांत मुदतबाह्य होते आणि देणेकऱ्याने त्या आत सहीनिशी कबुली दिली तर मुदत नव्याने सुरू होते, हे अण्णांना ठाऊक होते. पण ते कलम घरात वापरावे असे त्यांच्या मनातही आले नाही. पहिली काही वर्षे थोडीथोडी रक्कम येत राहिली. पुढे तीही थांबली आणि कोणी आठवणही केली नाही.

मग ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फुटांची मानतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. गावभागातील घराचा खालचा मजला आणि पेठेतील गोदाम दोन्ही पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर अण्णांनी आयुष्यात प्रथमच धाकट्या भावाला पैशासाठी फोन केला. आप्पा म्हणाले, “अण्णा, या महिन्यात जमणार नाही.” अण्णा “बरं” म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

भांडण असे झालेच नाही. झाले असते तर कोणी वडीलधाऱ्याने मध्यस्थी तरी केली असती. न झालेल्या भांडणाला मध्यस्थ कोठून आणायचा? लग्नाकार्यांत भेटी होत, नमस्कार होत, आहेर होत. परंतु पुण्याची मंडळी सांगलीत मुक्कामाला येईनाशी झाली.

हा खंड संपवला तो दोघी जावांनी. त्यांचे आठवड्यातून एकदा होणारे फोन पुराच्या काळातही थांबले नव्हते. मोठ्या काकूंनी गेल्या नाताळात बोलावणे धाडले, “या वेळी लग्न नाही, बारसे नाही. चार दिवस राहायला या.” पुण्याच्या काकूंनी होकार दिला, पण एक अट घातली. पाहुणे आले की घरातील बायकांचे चारही दिवस ओट्यापाशी जातात आणि पुरुष सज्जात बसून ‘किती छान वेळ गेला’ म्हणतात, तसे या खेपेस होऊ द्यायचे नाही. तेव्हा दिवस बाहेर काढायचा. बरोबर दशम्या, खाकरे, भडंग, भाजलेले शेंगदाणे आणि गाळलेले पाणी. घरी परतून साधी खिचडी-कढी. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून कोठेही असले तरी पाचच्या आत घर गाठायचे आणि अंथऊ वेळेत उरकायचा. भांडी ज्याची त्याने घासायची. या शेवटच्या कलमावर अण्णांनी भुवया उंचावल्या, पण नातवाने आजोबांचे ताट आपल्याकडे लावून घेतल्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

आप्पांसोबत त्यांचा पंचविशीतला मुलगा आणि महाविद्यालयात शिकणारी मुलगी आली. मुलगा नुकताच दुकानात बसू लागला होता. ताळेबंद चाळताना ‘असुरक्षित कर्जे’ या सदराखाली दरसाल तीच रक्कम पुढे ओढलेली त्याला दिसली होती आणि समोर ‘सांगली पेढी’ एवढेच लिहिले होते. हे काय, असे त्याने वडिलांना दोनदा विचारले. दोन्ही वेळा वडिलांना अचानक दुसरे काम आठवले.

पहिल्या सकाळी सगळे पायी हरिपूरला निघाले. गावभागापासून ही वाट तासाभराची. रस्त्याला जुन्या झाडांची सावली आहे आणि टोकाला कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचे देऊळ. थंडीत पाणी निवळशंख असते. ते पाहून पुण्याचा मुलगा पोहायचे म्हणून चपला काढू लागला, तोच अण्णांनी काठी आडवी धरली. कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत. औदुंबर-भिलवडीपासून सांगलीपर्यंत त्या काठावर उन्हात पडलेल्या लोकांनी पाहिल्या आहेत. मुलीने ताबडतोब काठावरचे प्रत्येक लाकूड निरखायला आरंभ केला आणि अकरा वर्षांच्या नातवाने तिला तीन ओंडके मगर म्हणून दाखवले.

परतताना अण्णांनी सर्वांना पेवांकडे नेले. हळदीच्या पेवांसाठी हरिपूर एके काळी फार प्रसिद्ध होते. पेव म्हणजे जमिनीत खणलेले, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असे कोठार. येथील माती अशी आहे की आत घातलेली हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहते आणि तिचा रंगही उतरत नाही. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नाही. बंद पोकळीत प्राणवायू उरलेला नसतो, म्हणून तोंड उघडे ठेवून वाट पाहायची, दिवा सोडून तो जळतो का ते बघायचे आणि मगच माणूस उतरवायचा. घाई करणाऱ्यांचे जीव गेल्याच्या गोष्टी या गावाला माहीत आहेत. २००५ च्या पुराने पेवांचे मोठे नुकसान केले. पुढे शीतगृहे आली, २०१९ साली पुन्हा पाणी आले, आणि पेवांचा काळ जवळजवळ संपला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यानंतरच्याच वर्षी हा पूर यावा, यास योगायोगच म्हणायचे.

तेथे एका भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते. पुण्याच्या मुलाने तिच्याशी उभे राहून पाहिले. रेघ त्याच्या डोक्याच्या बरीच वर होती. त्याने सहज विचारले, “मोठे काका, आपल्या मालाचा विमा होता ना?”

“होता,” अण्णा म्हणाले आणि काठीने मातीत आकडे काढू लागले. गोदामात १०० रुपयांचा माल असताना विमा ६० रुपयांचाच उतरवलेला असेल आणि त्यातला ५० रुपयांचा माल भिजला, तर भरपाई ५० रुपये मिळत नाही, ३० मिळते. कारण जितक्या प्रमाणात विमा कमी, तितक्या प्रमाणात दावाही कापला जातो. पॉलिसीतील सरासरीचे कलम ते हेच. हप्ता वाचवण्यासाठी मालाची किंमत कमी दाखवणारे व्यापारी पेठेत आजही थोडे नाहीत. अण्णांनी मात्र कमी दाखवली नव्हती. विमा उतरवल्यावर हंगामात माल वाढला आणि रक्कम वाढवायची राहून गेली, इतकेच. शिवाय गोदामातील सगळा माल अण्णांचा नव्हता. काही पोती शेतकऱ्यांची होती, चांगल्या भावाची वाट पाहत ठेवलेली.

“मग त्यांचे पैसे?” मुलाने विचारले.

“ते दिले,” अण्णा म्हणाले आणि चालू लागले. कसे दिले, हे त्यांनी सांगितले नाही. आप्पा मागे राहून त्या मातीतल्या आकड्यांकडे बराच वेळ पाहत होते.

त्या संध्याकाळी गच्चीवर निराळीच शाळा भरली. हळदीच्या बाजारात पूर्वी भाव तोंडाने बोलत नसत. रुमालाखाली हात घालून बोटे धरायची आणि आकडा ठरवायचा, म्हणजे शेजारच्याला कळत नसे. अण्णांनी नातवाला आणि पुण्याच्या मुलीला ती खूण शिकवली. तासाभरात दोघांनी एकमेकांना शेंगदाणे इतक्या चढ्या भावाने विकले की आठ वर्षांच्या नातीने शेंगदाणेच संपवून बाजार बंद पाडला.

दुसरा दिवस सागरेश्वरचा. देवराष्ट्र्याजवळचे हे अभयारण्य अवघे १०.८७ चौरस किलोमीटरचे, १९८५ साली जाहीर झालेले. एके काळच्या उघड्याबोडक्या डोंगरावर माणसांनी झाडे लावून ते उभे केले आहे, वृक्षमित्र धों. म. मोहिते यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडलेले आहे. चितळे भरपूर दिसली, सांबर एकच आणि तेही पाठमोरे. माथ्यावरून कृष्णेचे खोरे आणि उसाची हिरवी शेते पाहत दशम्या खाल्ल्या गेल्या. आप्पा दिवसभर गप्प होते. गुडघा दुखतो म्हणाले, आणि तो दुखतही होता.

तिसऱ्या दिवशी कुंभोजचे बाहुबली. सांगलीपासून तासाभराची वाट. १९३४ मध्ये समंतभद्र महाराजांनी येथे गुरुकुल सुरू केले आणि १९६३ साली बाहुबलींची २८ फूट उंचीची मूर्ती उभी राहिली. दक्षिण महाराष्ट्रातील कित्येक घरांतील आजोबा या गुरुकुलात पहाटे उठून गार पाण्याने अंघोळ करत मोठे झाले आहेत. या दिवशी जयसिंगपूरच्या आत्या येऊन मिळाल्या. दोन्ही भावांच्या मधल्या. बोलणे रोखठोक, चालणे त्याहून वेगवान.

दर्शन झाल्यावर मंडळी डोंगराच्या पायऱ्या चढू लागली. मुले पाहता पाहता वर दिसेनाशी झाली. जावा आपल्या गतीने बोलत बोलत पुढे गेल्या. आप्पांचा गुडघा शंभरेक पायऱ्यांवर अडून बसला. आत्या त्यांच्यासाठी थांबल्या. अण्णा वीसएक पायऱ्या वर पाठमोरे टेकले.

“अण्णांनी माधवनगर रस्त्याची जागा विकली, ते तुला ठाऊक आहे का?” आत्यांनी विचारले.

आप्पांना ठाऊक नव्हते. ती जागा वडिलांनी घेतलेली. वाटणीत ती अण्णांकडे आली होती आणि तेथे मुलासाठी बंगला बांधायचा असे वर्षानुवर्षे चालले होते. पुरानंतर तीन महिन्यांच्या आत अण्णांनी ती पडत्या भावात काढली आणि आलेल्या पैशांतून शेतकऱ्यांची एकूण एक पोती चुकती केली. एकालाही ‘पुराने नेली, मी काय करू’ म्हटले नाही. अडत चालते ती पतीवर, गोदामावर नाही, एवढेच ते घरात म्हणाले होते.

“मला कोणी सांगितलं नाही,” आप्पा म्हणाले.

“तू विचारलंस?” आत्या म्हणाल्या आणि उठून चढू लागल्या. अण्णांजवळून जाताना त्यांनी मागे बोट दाखवून काही म्हटले. अण्णा वीस पायऱ्या खाली उतरून आले आणि भावाशेजारी बसले.

दोन माणसे समोरासमोर बसली की एकमेकांचे चेहरे आड येतात. पायरीवर शेजारी बसल्यावर दोघांसमोरही एकच माळरान असते, ते एक बरे. आप्पांनी त्या महिन्याची गोष्ट तेथे प्रथमच सांगितली. पुण्यातील एका मोठ्या बांधकाम व्यावसायिकाकडे त्यांची वर्षाची उधारी अडकली होती. बँकेच्या कर्जाचे दोन हप्ते थकले होते. ९० दिवस लोटले की खाते अनुत्पादक ठरते. एकदा तसा शिक्का बसला की नवे कर्ज मिळत नाही आणि माल देणारेही रोख मागू लागतात. त्या ९० पैकी ७० हून अधिक दिवस गेले असताना अण्णांचा फोन आला. आप्पांनी त्याच आठवड्यात काकूंच्या पाटल्या गहाण ठेवून हप्ता भरला होता. हे भावाला सांगितले असते, तर भाऊ स्वतःची अडचण बाजूला ठेवून आपल्यासाठी धावेल, अशी त्यांना धास्ती होती. म्हणून ‘जमणार नाही’ एवढेच ते बोलले.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मला वाटलं, तुझं चांगलं चाललंय आणि तुला द्यायचं नाही.”

“आणि मला वाटलं, तुमच्याकडे आहे आणि तुम्ही माझी परीक्षा बघताय.”

दोघेही अनुभवी व्यापारी. कोणत्याही अनोळखी गिऱ्हाइकाला उधार देण्याआधी त्यांनी त्याची पेठेत चौकशी केली असती. भावाची चौकशी करायची म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, अशी समजूत आपल्या घरांतून फार खोल गेलेली आहे; तिच्यापायी किती घरांतील खतावण्या वर्षानुवर्षे मिटलेल्या राहतात, याची गणती कोण करणार?

वरून मुलांच्या हाका येऊ लागल्या. पुण्याचा मुलगा पाण्याची बाटली घेऊन धावत खाली आला. वडील आणि काका शेजारी बसलेले पाहून तो तीन पायऱ्या अलीकडेच थबकला. आप्पांनी त्याला बोलावून घेतले आणि म्हणाले, “तू ताळेबंदातल्या त्या ओळीचं विचारत होतास ना? बस इथं. मोठ्या काकांकडून ऐक.” उरलेल्या पायऱ्या आप्पा चढले, एका हाताने मुलाचा खांदा आणि दुसऱ्या हाताने अण्णांची काठी धरून. वर पोहोचेपर्यंत दोन वाजले, दशम्या थंडगार झाल्या होत्या, आणि त्या दिवशी घर गाठायला साडेपाच झाले. पुण्याच्या काकूंनी नियमभंगाबद्दल दोघांना सर्वांची भांडी घासायला लावली.

चौथ्या दिवशी दुपारी निघायचे होते, म्हणून सकाळी जवळच्याच एका गुऱ्हाळावर फेरी झाली. डिसेंबरात उसाचा हंगाम ऐन भरात असतो. चुलवाणात वाळली चिपाडे धडधडत होती. काहिलीत रस उकळत होता आणि गुळव्या त्यात रानभेंडीच्या काड्यांचे चिकट पाणी सोडून वर आलेली मळी काढत होता. पुण्याच्या मुलीला हे सारे नवे. ती प्रश्नांमागून प्रश्न विचारीत होती आणि गुळव्या हात न थांबवता उत्तरे देत होता.

पलीकडे बाजेवर दोन्ही भावांचा आवाज चढला होता. मोठ्या काकू धास्तावून जवळ गेल्या, तर वाद व्याजाचा निघाला. आप्पा म्हणत होते, मुद्दल दर तिमाहीला ठरावीक रकमेने फेडणार आणि त्यावर व्याजही देणार; परक्या बँकेला देतो, मग घरच्या पेढीला का नाही? अण्णा म्हणत होते, भावाकडून व्याज घेतल्याची नोंद आपल्या खतावणीत आजवर झालेली नाही आणि होणार नाही. पुण्याच्या मुलाने मध्येच सुचवले की रीतसर कागद करू, दोघांच्या सह्या घेऊ, म्हणजे पुढच्या पिढीला कोडे राहणार नाही. ही सूचना दोघांनाही मान्य झाली. दर मात्र ठरेना.

अखेर अण्णांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि आपल्या उजव्या हातावर टाकला. आप्पा क्षणभर पाहत राहिले. मग त्यांनीही पंचाखाली हात घातला. पंचा दोनदा हलला. अण्णांनी मान नकारार्थी हलवली, पुन्हा पंचा हलला, आणि या वेळी दोघेही हसले.

“किती? किती ठरलं?” नातू मध्ये घुसून विचारू लागला.

“बाजारात विचारायचं नसतं,” अण्णा म्हणाले आणि पंचा झटकून त्यांनी खांद्यावर टाकला. तिकडे गुळव्याने काहील उतरवायला माणसांना हाक दिली होती. गरम गुळासाठी पानांचे द्रोण घेऊन मुले पळत सुटली.